मोलॅसिसचा मुजरा

राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या मिरवणुकीचं बोलावणं हॅकबेरी गावच्या घोडेस्वार बायकांना आलं, त्या दिवशी अर्डिस झिमेक गावभर सांगत सुटली. किराणा दुकानात सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, धान्याच्या कोठारावर काटा बघणाऱ्या म्हाताऱ्याला सांगितलं, आणि एवढ्याने भागेना म्हणून जिल्ह्याच्या रेडिओवर जाऊन सांगितलं. "मी माझ्या घोडीवर, मोलॅसिसवर बसून राष्ट्राध्यक्षांसमोरून जाणार, आणि हॅट काढून असा मुजरा करणार की नेब्रास्का कुठे आहे ते वॉशिंग्टनला एकदाचं कळेल." रेडिओवाल्यांना हे इतकं आवडलं की आठवडाभर ते रोज हवामानाच्या आधी तिचं हे वाक्य वाजवत होते.

आठवडा जेमतेम सरला असेल. सकाळी घोड्यांना पाणी ठेवायला गेलेली अर्डिस तबेल्याच्या दारात बर्फावरून घसरली आणि अशी काही बसली की माकडहाडच मोडलं. हात मोडला असता तर गळ्यात बांधून मिरवता आला असता. पाय मोडला असता तर प्लास्टरवर गावाने सह्या केल्या असत्या. माकडहाडाचं काय करणार, आणि दाखवणार कुणाला?

शेजारच्या गावच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, "हवं तितकं चाला. हवं तितका वेळ उभ्या राहा. बसायचंच झालं तर रबरी कड्यावर. खोगिराचं मात्र वसंत येईपर्यंत नाव काढू नका."

"अहो पण मला राष्ट्राध्यक्षांसमोर जायचंय."

"मग चालत जा," डॉक्टर म्हणाला आणि त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

अर्डिसने ही गोष्ट नवऱ्याला, लाइलला, सांगितली आणि पथकातल्या बायकांना शपथ घालून सांगितली. बाकी गावाला तिने थंडी बाधल्याचं कळवलं. "कळलं ना, तर मी चर्चमध्ये बाकावर टेकले की अख्खी मंडळी माझ्या तोंडाकडे बघत बसतील," ती म्हणाली. सख्ख्या बहिणीला, मॅव्हिसलाही तिने कळू दिलं नाही. मॅव्हिसला सांगणं आणि रेडिओवर सांगणं यात फरक एवढाच होता की रेडिओ मध्ये जाहिराती तरी लावतो.

इकडे वॉशिंग्टनहून नियमांचं बाड आलं. त्यात एक नियम जाड अक्षरात होता. मिरवणुकीत कुणीही, कुठेही, कशासाठीही थांबायचं नाही. राष्ट्राध्यक्षांच्या मंचासमोर तर नाहीच नाही. तोंड डावीकडे वळवायचं, सलाम करायचा आणि चालत राहायचं.

हॅकबेरीच्या घोड्यांची अडचण नेमकी तीच होती. वर्षानुवर्षं त्या जिल्ह्याच्या जत्रेत उतरत आल्या होत्या. तिथे परीक्षकांचा झालर लावलेला मंच दिसला की थांबायचं, एक पाय पुढे टाकायचा, दुसरा गुडघा टेकायचा आणि मान खाली घालायची. पाठीवरची बाई हॅट फिरवून आपली खूण करेल तेव्हाच उठायचं. हाच त्यांचा मुजरा, आणि याच मुजऱ्यावर त्या पहिल्या नंबराची निळी फीत जिंकायच्या. आता शिकवलेलं विसरायला लावायचं होतं. बायकांनी शाळेच्या मैदानावर गवताच्या पेंढ्यांचा मंच रचला, त्याला टेबलक्लॉथची झालर लावली आणि महिनाभर बर्फाचिखलात घोड्या त्याच्यासमोरून न थांबता नेल्या. हळूहळू त्यांना पटलं. फक्त मोलॅसिस या शाळेला गेली नाही, कारण तिची मालकीण अंथरुणावर पालथी पडून होती आणि दुसऱ्या कुणाला तिच्यावर बसू देत नव्हती.

निघायला चार-पाच दिवस उरले असताना पथकातल्या जोलीन हाफ्नरची घोडी लंगडायला लागली. जोलीन म्हणजे अर्डिसची बांधाला बांध लागून असलेली शेजारीण. दोघींचं चाळीस वर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. जत्रेतली 'कोलाचे' नावाच्या गोड पावांची स्पर्धा एका वर्षी ही जिंकायची, एका वर्षी ती, आणि हरलेली जिंकलेलीकडे जाऊन पाव चाखून म्हणायची, "बरा झालाय, सारण जरा कमी वाटतं."

तीच जोलीन दारात येऊन उभी राहिली. "तुझी घोडी दे."

"माझी घोडी म्हणजे काय गावची सायकल आहे?"

"हे बघ, तिकडे नावं आधीच तपासून झालीत. माणसांचीही आणि घोड्यांचीही. ऐन वेळी नवं नाव घेत नाहीत. तुझी घोडी यादीत आहे, मी यादीत आहे. तुझं बूड मोडलंय, माझ्या घोडीचा पाय. देवाने एवढं जुळवून आणलंय, तू कशाला मोडता घालतेस?"

अर्डिस खिडकीशी उभी होती. हल्ली ती उभीच असायची. घोडी दिली नाही तर रांग मोडणार आणि दोष आपल्यावर येणार, हे तिला कळत होतं.

"ने," ती शेवटी म्हणाली.

"थांबायची खोड मोडलीस ना तिची?"

"मोलॅसिसला शिकवावं लागत नाही. माणसांपेक्षा शहाणी आहे ती."

"कोणत्या माणसांपेक्षा?"

"समोर उभ्या असलेल्या."

जोलीन हसली आणि लगाम घेऊन गेली. तिने तीन दिवस मोलॅसिस चालवली, वळवली, दौडवली. घोडी लोण्यासारखी चालली. पेंढ्यांचा मंच तोवर गाईंनी खाऊन टाकला होता.

राहता राहिली अर्डिस. घोड्यांमागून लीद उचलत जाणारी दोन माणसं प्रत्येक पथकाला सोबत न्यावी लागतात. ते काम लाइलकडे आणि जोलीनच्या नवऱ्याकडे होतं. नेमका जोलीनचा नवरा तापाने पडला. यादीत नाव असलेलं आणि दोन पायांवर चालू शकणारं एकच माणूस हॅकबेरीत उरलं होतं.

"त्यापेक्षा मी घरी बसते," अर्डिस म्हणाली.

"बसता येतं का तुला?" लाइलने विचारलं.

ती गेली. पण जाताना लाइलकडून तिने वचन घेतलं. गाव शाळेच्या व्यायामशाळेत मोठा टीव्ही लावून मिरवणूक बघणार होतं. मॅव्हिसने दोनशे सँडविचची जबाबदारी घेतली होती. कॅमेरे मंचासमोर असतात. तेव्हा मंच आला की फावडं लाइलने घ्यायचं आणि अर्डिस ढकलगाडीच्या पलीकडे, मफलर नाकापर्यंत ओढून, खाली बघत चालणार. गावाने विचारलं तर घोड्यांच्या गर्दीत दिसली नसेन, असं सांगता येईल. "साऱ्या जिल्ह्याला मी मुजऱ्याचं सांगून बसलेय. मला फावड्यानिशी बघितलं तर मरेपर्यंत ऐकवतील," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं. हॅकबेरीत एका माणसाच्या लग्नात केक पडला होता, त्याला नातवंडं झाली तरी लोक अजून केकवाला म्हणत.

बसच्या मागच्या बाकावर पालथी पडून अर्डिसने आयोवा, इलिनॉय आणि इंडियाना ही तीन राज्यं पार केली. पुढच्या बाकावर लाइल वाचनालयातून आणलेलं मिरवणुकांचं पुस्तक मोठ्याने वाचत होता.

"ऐका. एका राष्ट्राध्यक्षाने भर थंडीत कोट न घालता पावणेदोन तास भाषण ठोकलं, आणि महिन्याभरात गेला बिचारा."

"बायकोचं ऐकलं नसेल," पुढून कुणीतरी म्हणालं.

"एकदा तर इतका गारठा होता की मिरवणूकच रद्द केली. देशभरातून पोरं बाजे घेऊन आली होती, तशीच परत. आणि एका काउबॉयने राष्ट्राध्यक्षांवरच दोराचा फास टाकला होता. आधी परवानगी काढून."

"मग त्यात काय मजा?" जोलीन म्हणाली.

"आणि हे बघ अर्डिस, एका वर्षी आदल्या रात्री एवढा बर्फ पडला की हजारो माणसं रात्रभर रस्ता साफ करत होती. म्हणजे फावडं नसतं तर..."

"लाइल, पुस्तक मीट," मागच्या बाकावरून आवाज आला.

मिरवणुकीच्या दिवशी त्यांना पहाटेच उठवलं आणि मग दिवसभर उभं केलं. सरकारी कामाची ही पद्धत कुठेही गेलात तरी तीच. कुत्र्यांनी घोड्यांना हुंगलं, घोड्यांनी कुत्र्यांना हुंगलं, ढकलगाडीचं प्रत्येक चाक सैनिकांनी दोनदा तपासलं. हॅकबेरीचा नंबर शेवटून तिसरा होता. पुढे फौजेची पथकं, शाळांचे बँड, फुलांचे रथ, अग्निशमनवाले. हे सगळं सरकेपर्यंत दुपार कलली आणि घोड्यांच्या नाकातून वाफा यायला लागल्या. सगळ्यांसारखी अर्डिसही गारठली होती, पण उभं राहण्याबद्दल तिची एकटीचीच काही तक्रार नव्हती.

एकदाची मिरवणूक हलली. पेनसिल्व्हेनिया रस्त्यावर पाऊल टाकलं आणि अर्डिसला एक गोष्ट कळली जी लाइलच्या पुस्तकात नव्हती. दिवसभर बँड ऐकून कान किटलेली जनता कुणाला सगळ्यात जास्त टाळ्या देते, तर फावडेवाल्यांना. पुढून अकरा घोड्या आणि मोलॅसिस दिमाखात गेल्या तेव्हा लोकांनी बऱ्यापैकी टाळ्या वाजवल्या. मागून नारिंगी जाकिटातली अर्डिस वाकून पहिलं फावडं भरते तोच दोन्ही बाजूंनी आरोळ्या उठल्या.

"वा मावशी, नेम चुकू देऊ नका!"

"सरकारात या, तिथे बरंच साचलंय!"

लाइलने टोपी उचलून सगळ्यांचे आभार मानले. अर्डिसने मफलर आणखी वर ओढला. तिचे कान लाल झाले होते आणि थंडीला त्याचं श्रेय देणं बरोबर होणार नाही. चाळीस वर्षं खोगिरात ताठ बसलेली बाई. लोक तिच्याकडे मान वर करून बघायचे. आज ते तिच्याकडे खाली बघून हसत होते, आणि तिला ते फार लागलं.

दिवेलागण झाली तसा मंच दिसायला लागला. लाकडी मंच, लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांची झालर, वर प्रखर दिवे, जाड काच आणि काचेमागे सजूनधजून बसलेली माणसं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, पण मधली उभी आकृती अजून होती. अर्डिसने फावडं लाइलच्या हातात देण्यासाठी पुढे केलं.

तेवढ्यात मोलॅसिस थांबली.

तिचं काय चुकलं? झालर आहे, दिवे आहेत, वर माणसं बसलीत. म्हणजे परीक्षक. तिने एक पाय पुढे टाकला, दुसरा गुडघा डांबरावर टेकला आणि मान खाली घातली. असा मुजरा तिने जत्रेतही कधी केला नव्हता. जोलीन खोगिरावरून निम्मी घसरली, सावरली, तिने टाच मारली, लगाम ओढला, हॅट काढून फिरवली. मोलॅसिस ढिम्म; तिला फक्त अर्डिसची खूण कळायची. पुढच्या घोड्या निघून गेल्या. मागून ओहायोच्या शाळेचा बँड ढोल बडवत चालून येत होता. पहिल्या ओळीतली पोरं जागच्या जागी पावलं टाकायला लागली आणि मागची त्यांच्या पाठीवर येऊन आदळली.

कडेने चालणारी सार्जंट धावत आली. "बाई, थांबायचं नाही. चला, चला."

"मला सांगू नका, हिला सांगा," जोलीन दातओठ खात म्हणाली.

अर्डिसच्या मनात सर्वांत आधी जे आलं ते काही देवाजवळ सांगण्यासारखं नव्हतं. बरं झालं, तिला वाटलं. जोलीनची साऱ्या देशासमोर फजिती. आपण गाडीमागे उभ्या आहोत, तोंडावर मफलर आहे, आपल्याला कोण बघतंय?

"अर्डिस," लाइल हळूच म्हणाला.

मग तिने घोडीकडे बघितलं. गार डांबरावर टेकलेला तो गुडघा थरथरत होता. मोलॅसिस बावीस वर्षांची होती. तिची थांबायची खोड कुणी मोडलीच नव्हती, कारण मालकिणीला वाटलं होतं की आपल्या घोडीला गरज नाही. जे शिकवलं तेच ती करत होती आणि खूण मिळेपर्यंत तशीच राहिली असती, रात्र झाली तरी. अर्डिस ढकलगाडीच्या आडून बाहेर आली. ती पुढे निघाली. फावडं हातातच राहिलं.

दिव्यांच्या झोतात आल्यावर तिला कॅमेरे दिसले, सगळे आपल्याकडे वळलेले. त्यांच्यामागे व्यायामशाळा दिसली, मॅव्हिस दिसली, हातात सँडविच धरून तोंड उघडं पडलेलं गाव दिसलं. तिने मफलर खाली ओढला, कारण त्यातून घोडीला आवाज ऐकू गेला नसता. डोक्यावर लोकरीची टोपी होती; ती घोडीच्या ओळखीची नव्हती.

"हॅट दे," ती जोलीनला म्हणाली.

जोलीनने मुकाट्याने हॅट खाली दिली. अर्डिसने ती डोक्यावर चढवली, मंचाकडे तोंड वळवलं आणि एका हातात फावडं धरून दुसऱ्या हाताने हॅट काढली. हात लांब करून तिने ती उजवीकडून डावीकडे फिरवली आणि कमरेत वाकली. माकडहाडातून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. पण ती पुरती वाकली. जितकं खोगिरातून वाकता आलं असतं त्यापेक्षा जास्तच.

"चल बाई," ती म्हणाली, "झालं त्यांचं बघून."

मोलॅसिस उठली, अंग झाडलं, मालकिणीच्या खांद्याला नाक लावलं आणि चालायला लागली. आणि दोन पावलं जाते न जाते तोच तिने शेपटी उचलून राष्ट्राध्यक्षांच्या बरोबर समोर जे करायचं ते केलं.

अर्डिसने हॅट जोलीनकडे वर फेकली, फावडं खाली घातलं आणि एका झटक्यात, रस्त्यावर कणही न ठेवता, सगळं उचलून गाडीत टाकलं. त्या टाळ्या! मंचावर, समोर, दिव्यांच्या खांबांवर चढलेल्या पोरांत, सगळीकडे. ओहायोच्या बँडने ढोल पिटले. काचेमागची मधली आकृती हसत होती आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होती. या वेळी अर्डिसचे कान लाल झाले नाहीत.

रात्री मोटेलच्या खोलीत सगळ्या बायका मोजे काढून पाय शेकत बसल्या होत्या. जोलीन मिरवणुकीपासून एक शब्द बोलली नव्हती. अर्डिस भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने व्यायामशाळेत फोन लावला. जे ऐकावं लागणार ते आजच ऐकून घ्यावं, असा तिचा विचार होता.

"थांब गं, सगळ्यांना ऐकू येईल असा लावते," मॅव्हिस म्हणाली. "अख्खं गाव आहे इथे. अगं, काय सांगू, तो टीव्ही! ओमाहाच्या पोरांचा बँड दाखवला, मग म्हणे अंधार झाला, आणि लागले राष्ट्राध्यक्षांकडच्या रात्रीच्या नाचाचे झगे दाखवायला. मग डुकरांच्या खाद्याची जाहिरात. तुम्ही आलातच नाही बघ. पण आम्ही झग्यांवरच टाळ्या वाजवल्या, तू जात असशील म्हणून. सांग ना, कशी दिसलीस मोलॅसिसवर? केलास मुजरा?"

कुणीच बघितलं नव्हतं. अर्डिसने लाइलकडे बघितलं. लाइल तिच्याकडेच बघत होता. दोन महिने जी लपवाछपवी केली ती आयती जमून गेली होती. फक्त हो म्हणायचं होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिला संताप आला. डुकरांचं खाद्य!

"मी मोलॅसिसवर नव्हते," ती म्हणाली. "माकडहाड मोडलंय माझं. मी मागून लीद उचलत होते."

पलीकडे हास्याचा गडगडाट झाला.

"ही अर्डिस म्हणजे ना!" कुणीतरी म्हणालं.

"खरं सांगतेय. घोडी मंचासमोर थांबली. मी फावडं घेऊन गेले आणि हॅट काढून—"

हसणं आणखी वाढलं. मॅव्हिसला ठसका लागला. "पुरे गं, पोट दुखतंय. आता खरं सांग."

जितकं ती खरं सांगत गेली तितके ते हसत गेले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याजवळ बढाई मारण्यासारखं काहीतरी होतं आणि तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. रिसीव्हर हातात धरून ती भिंतीकडे वळली, म्हणजे बायकांना चेहरा दिसू नये.

मागून कुणीतरी रिसीव्हर काढून घेतला.

"मी जोलीन," जोलीन म्हणाली. "हसणं बंद करा आधी. घोडीवर मी होते. घोडी माझं ऐकेना. साऱ्या देशासमोर मी लगाम ओढत बसले होते, निम्मी घसरलेली, आणि मागे शे-दीडशे पोरं खोळंबली होती. हिने फावडं धरून येऊन राष्ट्राध्यक्षांना मुजरा केला तेव्हा घोडी उठली. मी नुसतं ओझं होते."

व्यायामशाळा एवढी शांत झाली की तिथल्या हीटरची घरघर इथवर ऐकू आली.

"म्हणजे," मॅव्हिस हळू आवाजात म्हणाली, "माकडहाड खरंच मोडलं?"

"मोडलं. आणि तशी ती वाकली," जोलीन म्हणाली. "घे, तूच सांग."

अर्डिसने रिसीव्हर कानाला लावला. पण मॅव्हिसचं नाव घेऊन ती नुसती मफलरने डोळे पुसत राहिली. जोलीनने थोडी वाट बघितली. मग तिने तो पुन्हा काढून घेतला, पलंगावर मांडी घातली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.